पाच-दहाचा हिरवा झेंडा

माझं विमान कोणाच्या तरी उपयोगी पडतं, असा आरोप माझ्यावर आला.

नोटीस मोबाइलवर आली तेव्हा मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये होते. फिटर ट्रेडची निदेशक म्हणून माझी बावीस वर्षं तिथंच गेली. 'निम्ननभ प्राधिकरण. विषय : छंद वर्गात नोंदलेल्या विमानाचा सेवा वर्गासारखा वापर.' मी दोनदा वाचलं आणि हसले. माझं विमान म्हणजे बाल्सा लाकडाचा आणि पातळ प्लायचा सव्वा किलोचा सांगाडा. पंखांची लांबी दोन मीटर, मोटर लिंबाएवढी. त्यात कॅमेरा नाही, डबा नाही, साधी चिठ्ठी ठेवायला जागा नाही. आमच्या मॉडेल क्लबमध्ये माझ्या विमानाला सगळे 'म्हातारी' म्हणतात, कारण ते सावरीच्या म्हातारीसारखं तरंगतं. त्याचा उपयोग कोणाला आणि कसला होणार?

मग मी नोटिशीचं दुसरं पान उघडलं. 'लाभार्थी : महिपती रामजी वायदंडे, वय ७९.'

हे माझे वडील. मी हातातलं कॅलिपर टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसले.

आण्णा रेल्वेत गेटमन होते. कराडपासून बारा किलोमीटरवर, करंजमाळाच्या पायथ्याशी त्यांचं फाटक होतं आणि फाटकापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. छत्तीस वर्षं प्रत्येक गाडीला ते हिरवा झेंडा धरून उभे राहिले. यांनी झेंडा दाखवायचा, तो बघून गाडीच्या ड्रायव्हरनं हात दाखवायचा, याला ते 'ऑलराइट' म्हणत. संध्याकाळची पाच-दहाची गाडी गेली की त्यांची ड्यूटी संपायची. पुढे फाटकाच्या जागी भुयारी रस्ता झाला, आण्णा निवृत्त झाले, आई गेली, आणि चार वर्षांपूर्वी आण्णांच्या डोक्यातून एकेक डबा सुटायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग वार, मग आई गेल्याचं. पाच-दहा मात्र गेलं नाही.

पाच वाजत आले की त्यांची घालमेल सुरू व्हायची. झेंडा काखेत मारून ते थेट रुळांवर जायचे. आता त्या रुळांवरून दर बारा मिनिटांनी गाडी जाते, तीही आवाज न करता. एकदा मी त्यांना कोंडून पाहिलं. त्यांनी खिडकीची काच फोडली, मनगटाला सात टाके पडले. आपल्याच बापाला कोंडल्याची लाज मला आजही वाटते.

मग एक दिवस योगायोग झाला. आयटीआय सुटल्यावर मी नेहमीसारखी माळावर विमान उडवत होते. माळाच्या कडेवरून खाली आमचं घर दिसतं, चारशे मीटरवर. म्हातारी घरावरून गेली तेव्हा आण्णा छतावर होते. त्यांनी वर पाहिलं आणि झेंडा उचलला. आम्हा विमानवाल्यांची एक रीत आहे : खालून कोणी हात केला, तर पंख डावी-उजवीकडे हलवून ओळख द्यायची. माझ्या बोटांनी ती आपोआप दिली. आण्णांनी झेंडा गुंडाळला, खाली गेले आणि चहा मागितला. त्या दिवशी ते रुळांवर गेले नाहीत.

तेव्हापासून वीस महिने, रोज, पाच-दहाला मी त्या छतावरून जात होते. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. क्लबच्या वहीत 'उद्देश'च्या रकान्यात मी 'छंद' लिहीत होते, आणि ते खोटं होतं असंही मला वाटत नाही.

*

नोटिशीच्या मागचं शास्त्र जरा सांगायला हवं.

आमच्या लहानपणी आभाळ एकच होतं. आता दोन आहेत. वरचं मोठ्या विमानांचं, आणि चारशे फुटांच्या खालचं ड्रोनांचं. खालच्या आभाळात औषधं, रक्ताच्या पिशव्या, ट्रॅक्टरचे सुटे भाग, लग्नाचे हार, सगळं धावत असतं. त्यासाठी हवेत रस्त्यांसारखे पट्टे आखलेले आहेत. प्रत्येक उडणाऱ्या वस्तूत नखाएवढी चिप असते आणि ती दर सेकंदाला आपली जागा, उंची नि वेग मुख्य संगणकाला कळवते. सेवा वर्गातल्या ड्रोनांना परवाना लागतो, कारखान्याचं प्रमाणपत्र लागतं, स्वयंचलित मेंदू लागतो. आम्ही छंदवाले मात्र आपल्या मैदानावर हातानं बनवलेलं, हातानं चालवलेलं विमान उडवू शकतो. एवढी सूट आम्हाला मिळाली होती.

सूट आली की लबाडीही आली. कोणी 'छंद' म्हणून बागांची मोजणी करून देऊ लागलं, कोणी 'छंद' म्हणून औषधं पोहोचवू लागलं. अशाच एका विमानाची रक्त नेणाऱ्या ड्रोनशी टक्कर झाली. रक्त पोहोचलं नाही आणि एक बाळंतीण गेली. ती माझ्या एका विद्यार्थ्याची बहीण होती, म्हणून मी या कायद्याला शिव्या देत नाही.

त्यानंतर हेतुमापक आला. हे यंत्र उडवणाऱ्याला काही विचारत नाही. ते फक्त खाली जमिनीवर बघतं. विमान आलं तेव्हा खाली काय बदललं? आलं नाही तेव्हा काय बदललं? फोन, दारं, मीटर, मनगटी पट्टे, जिथून माहिती मिळेल तिथून घेऊन ते दोन्ही दिवस शेजारी ठेवतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो. पण कावळा चारशे वेळा बसला आणि चारशे वेळा फांदी मोडली, तर हेतुमापक म्हणतो की हा कावळा फांद्या मोडायच्या धंद्यात आहे.

आण्णांच्या मनगटावर आरोग्य केंद्रानं दिलेला पट्टा होता. म्हातारीची सहाशे बारा उड्डाणं आणि आण्णांची नाडी, दोन्ही एका आलेखावर नोटिशीत छापलेली होती. पाच वाजता नाडी अठ्ठ्याण्णव. पाच-दहाला विमान. पाच-पंधराला नाडी चौऱ्याहत्तर. सहाशे बारापैकी सहाशे चार दिवस असंच. आणि विमान न आलेले नऊ दिवस, वादळाचे नाहीतर माझ्या तापाचे. त्या नवाच्या नऊ दिवशी आण्णा वीस मिनिटांच्या आत घराबाहेर, रुळांच्या दिशेनं.

नवातले दोन दिवस मला माहीतच नव्हते. दुपारभर आण्णांना सांभाळणाऱ्या शेजारच्या मंदाकाकूंना मी विचारलं, तेव्हा त्या पदराला डोळे पुसत म्हणाल्या, "तू तापानं फणफणली हुतीस गं. कसं सांगू? रुळाच्या मदी हुबं हुतं. म्या हाताला धरून आनलं."

मी त्यांना रागावू शकले नाही. पण त्या दिवसापासून मला धड झोप लागली नाही.

*

प्राधिकरणाचे अधिकारी फरांदे हे चाळिशीतले, सावकाश बोलणारे गृहस्थ निघाले. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण त्यांनी आधी पाणी दिलं.

"मॅडम, आलेख बघितल्यावर मला आधी आनंदच झाला," ते म्हणाले. "गोळ्यांनी जे होत नाही ते तुमचं विमान करतंय. पण नेमकी तीच अडचण आहे. ही वृद्धसेवा झाली. सेवा म्हटली की परवाना आला."

"द्या मग परवाना."

"घरी बनवलेल्या विमानाला प्रमाणपत्र देता येत नाही. उद्या ते कोणाच्या डोक्यात पडलं तर?"

"बावीस वर्षांत पडलं नाही."

"ज्याचं पडलं, तोही आदल्या दिवशी हेच म्हणत होता." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नाही. "दोन वाटा आहेत. एक म्हणजे तुम्ही लिहून द्या की तुमच्या उड्डाणाचा कोणालाही उपयोग होत नाही आणि होणार नाही. मग रोजची वेळ संगणक ठरवेल, चिठ्ठ्या टाकल्यासारखी. कधी चार-वीस, कधी सहा. दुसरी वाट म्हणजे परवानाधारक कंपनीकडून सेवा घ्या. तीस दिवसांत काहीच झालं नाही, तर..."

"तर माझं विमान जप्त."

"तुमचं विमान, आणि मैदानाची सूटही. नियम मैदानाला लागतो. तुमच्या क्लबात चौदा सभासद आहेत ना?"

चौदा सभासदांत एक मुजावर चाचा. घड्याळं दुरुस्त करता करता साठ वर्षांपूर्वी त्यांनी करंजमाळावर पहिलं विमान उडवलं होतं. माळावरचे दगड त्यांनी स्वतःच्या हातानं वेचले. बाल्साची पहिली फळी माझ्या हातात त्यांनीच दिली. मी सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ दुर्बिणीची काच पुसत बसले.

"बेटी, लिहून दे," ते शेवटी म्हणाले. "निरुपयोगी म्हण. साठ वर्षं माझी बायको मला तेच म्हणत आली, मला काय झालं?"

मी हसले, आणि लिहून दिलं.

पहिल्या दिवशी संगणकानं चार-वीस वेळ दिली. म्हातारी छतावरून गेली तेव्हा आण्णा आत शेंगा फोडत बसले होते. पाच-दहाला ते छतावर गेले, पाच-वीसपर्यंत थांबले, मग म्हणाले, "गाडी सेक्शनात अडकली. बघून येतो." मंदाकाकू दारात आडव्या झाल्या. त्यांच्या दंडावर आण्णांच्या बोटांचे वळ उठले. जन्मात कोणावर हात न उचललेला हा माणूस. मी दुसऱ्याच दिवशी कंपनीला फोन केला.

*

कंपनीचं नाव 'सांजसोबत'. त्यांचा माणूस लगेच आला. काम झटपट, बोलणं गोड. म्हातारीच्याच आकाराचा, तिच्याच पिवळ्या रंगाचा ड्रोन देतो म्हणाला. माणसाची गरज नाही, सुट्टी नाही, ताप नाही. "फक्त विमान नेमकं काय करतं ते या तक्त्यात लिहा, मॅडम."

मी आयटीआयची. जॉबकार्ड लिहिण्यात माझा हात कोणी धरत नाही. मी लिहिलं : वेळ १७.१०. उंची साठ मीटर. पूर्वेकडून प्रवेश. छतावर येताच पंख दोनदा हलवणे. पश्चिमेकडे निर्गमन. पाच ओळी, त्यात एक शब्द जास्त नाही. मला त्या कार्डाचा अभिमानही वाटला. आता स्वतःची जीभ चावावीशी वाटते.

पहिल्या संध्याकाळी मी आण्णांशेजारी छतावर उभी राहिले. घड्याळात पाच-दहा झाले आणि ड्रोन आला. इतका वेळेवर की मी कधी आले नव्हते. पंख दोनदा हलले. आण्णांचा झेंडा अर्ध्यावर होता. तो तिथंच राहिला. ड्रोन निघून गेला.

"आण्णा, गाडी गेली. चहा घ्यायचा?"

त्यांनी झेंडा गुंडाळला नाही. पण खाली आले. मला वाटलं, नवं आहे, होईल सवय.

दुसऱ्या दिवशीही झेंडा अर्ध्यावरच राहिला. "डायवर कोन हाय आज?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नवीन आहे. त्यांनी मान हलवली. रात्री त्यांनी जेवणाचं ताट तसंच सारलं.

तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा होती. पाच-चौदाला मंदाकाकूंचा फोन आला. "उजे, पळ! लाल झेंडा घिऊन गेलं. मला ढकलून गेलं. इंजान सुटलंय म्हनत्यात!"

स्कूटरला लावताना किल्ली दोनदा खाली पडली. आयटीआयपासून रुळांपर्यंत सहा मिनिटं. दर बारा मिनिटांनी गाडी. हे गणित मला करायचं नव्हतं, पण डोकं ते करतच राहिलं.

आण्णा रुळांच्या मधोमध उभे होते. धोतराचा सोगा खोचलेला, दोन्ही हातांत ताणून धरलेला लाल झेंडा. आणि त्यांच्यासमोर, फार तर दीडशे मीटरवर, एक मालगाडी उभी होती. उभी होती. हे कळायला मला वेळ लागला. ड्रायव्हरला लांबून लाल दिसलं होतं आणि त्यानं ब्रेक मारला होता. मालगाड्यांवर अजून माणसं असतात, म्हणून माझा बाप वाचला.

ड्रायव्हर पळत आला. पोरगेलासा, घामानं भिजलेला. तो शिवी देणार होता, पण आण्णांनी आधी टाच जुळवून सलाम केला.

"मोकळं इंजान हाय वरच्या लाइनीला," ते धापा टाकत म्हणाले. "आत मानूस न्हाई. तीन दिस बघतोय. म्या झेंडा दावायच्या आदीच ऑलराइट देतंय. डायवर असता तर थांबला असता ना? झेंडा बघितल्याबिगर कोन ऑलराइट देतं?"

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. मी तिथंच खडीवर बसले.

रोज म्हातारी छतावर आली की माझी बोटं थांबायची. हिरवा ठिपका वर यायची वाट बघायची. कधी दोन सेकंद, कधी पाच. ठिपका दिसला की मगच पंख हलायचे. हे मी कधी ठरवलं नव्हतं, म्हणून कार्डावर लिहिलंही नव्हतं. जॉबकार्डात हाताची सवय लिहीत नाहीत. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, जे मोजता येतं तेवढंच लिहा. सहावी ओळ राहिली होती, आणि त्या एका ओळीपायी माझा बाप गाडीखाली जाणार होता.

ड्रायव्हरनं आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "बरोबर आहे, काका. मी पुढं कळवतो. तुम्ही लाइन मोकळी करा."

आण्णांनी लगेच केली.

*

कंपनीची सेवा मी बंद केली. फरांदेंना सगळं कळवलं, मालगाडीसकट. ते म्हणाले, "अंतिम निर्णयाआधी प्रत्यक्ष पाहणी करावी लागते. गुरुवारी मी छतावर उभा राहतो. एका उड्डाणाची परवानगी देतो, पाच-दहाची. लाभ दिसला तर माझा नाइलाज आहे."

बुधवारी चाचा घरी आले. आण्णांना ऐकू जाऊ नये म्हणून अंगणात बोलले. "उद्या आण्णांना आत ठेव. मंदाला सांग, दार ओढून घे म्हणावं. विमान येईल, छतावर कोणी नसेल, साहेब लिहील 'लाभार्थी नाही'. दहा मिनिटांचा प्रश्न आहे, बेटी. मैदान वाचेल." त्यांनी माळाकडे बोट केलं. "मी मेल्यावर माळावर काहीतरी उडत राहावं, एवढंच."

मी हो म्हटलं. मंदाकाकूंना सांगितलं. खिडकीच्या काचेची आठवण होती, तरी सांगितलं.

गुरुवारी पाच-पाचला मी म्हातारी हातातून हवेत सोडली. वारा पश्चिमेचा, सरळ. चाचा शेजारी, डोळ्याला दुर्बीण. फरांदेंचा फोन स्पीकरवर सुरू होता, छतावरच्या त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. आणि त्यामागे दुसरा आवाज. धप्. धप्. धप्.

"हे काय वाजतंय खाली?" फरांदेंनी विचारलं.

मला माहीत होतं काय वाजतंय. पाच-आठ झाले होते. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनाही फोनमधून ऐकू येत होतं. त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि जमिनीकडे बघत राहिले.

"साहेब," मी म्हटलं, "ते माझे वडील आहेत. मी त्यांना कोंडलंय, तुम्हाला दिसू नयेत म्हणून. कृपा करून खाली जा आणि कडी काढा."

फोनवर पावलं धावली. चाचांनी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली.

म्हातारी छतावर आली. मी तिला संथ धरलं. एक, दोन, तीन, चार. हिरवा ठिपका वर आला. मी पंख हलवले, आणि ट्रान्समीटरवर माझ्या डोळ्यांतलं पाणी पडलं.

"काका," फोनमधून फरांदेंचा आवाज आला, "ही गाडी रोज तुमच्यासाठी येते ना?"

"माज्यासाटी?" आण्णांना हसू आलं. "गाडी गेटमनसाटी येती व्हय, साहेब? गेटमन गाडीसाटी हुबा असतो. बाई एकटीच हाय इंजनात. लाइन मोकळी हाय का न्हाई, तिला कुनी सांगाया नको?"

फोनवर फरांदेंनी कागद उलटल्याचा आवाज आला.

"काका, झेंडा नसला तर काय करायचं?"

"एक हात सरळ धरायचा, हलवायचा न्हाई. म्हंजे जा."

"आणि थांबवायचं असेल तर?"

"दोनी हात डोक्याच्या वर."

"आज वार कोणता?"

मी ट्रान्समीटर घट्ट धरला.

"त्ये तुमी साहेब लोक बघा," आण्णा म्हणाले. "मी गाडी बघतो."

सहा वाजता फरांदे माळावर आले. क्लबची वही मागून घेतली. नियम सतरा : प्रत्येक छंद-उड्डाणाला एक नभनिरीक्षक हवा, उडवणाऱ्याला दिसेल असा, धोका दिसल्यास खूण करणारा. आम्ही चौदाच्या चौदा जण त्या रकान्यात वर्षानुवर्षं डोळे झाकून 'मुजावर' लिहीत होतो. चाचा हजला गेले होते त्या महिन्यातही.

"हे खोटं आहे आणि त्याबद्दल क्लबला ताकीद मिळेल," फरांदे म्हणाले. "पण निरीक्षक हा उड्डाणाचा भाग असतो. त्याला झालेला फायदा लाभात धरत नाहीत. निरीक्षकाच्या परीक्षेत फक्त खुणा विचारतात. वार मी उगाच विचारला." त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. "नाव लिहा. मात्र विमानाच्या पोटाला कॅमेरा लावावा लागेल. रोज निरीक्षकाचा हिरवा झेंडा त्यात नोंदला गेला पाहिजे. लागोपाठ तीन दिवस झेंडा दिसला नाही, तर हेतुमापक फाइल पुन्हा उघडेल. तिथं माझा हात पोहोचत नाही."

मी लिहिलं : नभनिरीक्षक, म. रा. वायदंडे, गेटमन.

*

याला आता सात महिने झाले. कॅमेरा रोज सेकंद मोजतो, आणि आता मीही मोजते. तेव्हा चार लागायचे. दिवाळीला सात. संक्रांतीला अकरा. यंत्राला हा आलेख माझ्याआधी कळला असणार. कोणत्या दिवशी झेंडा येणार नाही, तेही कदाचित ते सांगू शकेल. मी विचारत नाही.

परवा झेंडा आला नाही. कालही नाही. मंदाकाकू म्हणाल्या, हातात देते तर टॉवेलासारखा घडी करून ठेवत्यात.

आज वारा पडलेला आहे. म्हातारी छतावरून गेली, मी मोजलं, पंधरापर्यंत. काही नाही. मी तिला वळवून परत आणलं. दुसऱ्या फेरीतही काही नाही. तिसऱ्या फेरीला बॅटरी संपल्याची शिट्टी वाजायला लागली.

"चाचा, काय दिसतंय?"

"उभे आहेत. वर बघतायत." चाचांनी दुर्बीण घट्ट धरली होती. "झेंडा नाही, बेटी."

मी म्हातारीला आणखी संथ केलं.

"हात उचलला," चाचा म्हणाले.

"एक की दोन?"

त्यांनी दुर्बिणीची चकती फिरवली.

"एक. सरळ आहे. हलत नाही."

कॅमेऱ्याला फक्त हिरवा रंग कळतो. तिसरा दिवस, झेंडा नाही, एवढंच तो लिहील आणि उद्या फाइल उघडेल. उघडू दे. मला खूण मिळाली होती. मी पंख हलवले, डावीकडे, उजवीकडे, आणि मग पुन्हा एकदा, कारण चाचा म्हणाले की हात अजून खाली आलेला नाही.